समुद्रात सोडलेली मासोळी

माझी बायको मासोळी खात नाही, शिवत नाही आणि घरात शिजूही देत नाही. त्यामुळे गेली तीस वर्षं मी दर रविवारी कोराडीकडच्या तलावावर गळ टाकतो, लागेल ते आणतो आणि गच्चीवर वेगळ्या शेगडीवर माझं मीच शिजवतो. शेजारी हसतात. हसू द्या!

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मुलीनं आम्हाला अंदमानची तिकिटं काढून दिली. वर माझा लाड म्हणून खोल समुद्रात गळ टाकायला एका दिवसाची बोटही ठरवली. बायकोनं आधीच बजावलं, "मी येईन. पण एक बी जीव मेला, तर पुन्हा गळाले हात नाही लावाचा."

त्या बोटीवर मासा पकडून सोडूनच देतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून ऐटीत म्हणालो, "शब्द देतो. मेला तर गळ मोडून टाकतो."

बायको अर्धा दिवस लिंबू चोखत, कठडा धरून, "काहून आली मी इथं!" म्हणत बसली होती. आणि एकदम गळाला असा हिसका बसला की माझे खांदे निखळतात की काय वाटलं. वीस मिनिटं झुंज झाली. रुपेरी, हातभर लांब मासोळी! फोटो काढला. हौसेनं दुसरा काढला, तिसराही काढायला लावला. तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली. इतका वेळ पाण्याबाहेर राहिलेली मासोळी सोडली, तर ती पोट वर करून तरंगायला लागली.

"पूँछ पकड़ के रखो साब, मुँह में पानी जाने दो," बोटवाला ओरडला आणि बोट हळूहळू पुढं नेऊ लागला. मी पालथा पडून शेपटी धरली. मागून कुणीतरी माझा पट्टा घट्ट पकडला. बायको! माझ्या खांद्यावरून वाकून ती मासोळीशीच बोलत होती, "जाय ना वं माय. जाय."

दहा मिनिटं गेली. माझे हात बधिर झाले. मग शेपटी हलली, एकदा, दोनदा, आणि फाडकन् दोघांच्या तोंडावर खारं पाणी उडवून ती खाली गेली. हुश्श! मी फळीवर तसाच पडून हसत सुटलो. बायको रडता रडता हसत होती. खरं सांगतो, त्या दहा मिनिटांत मला माझ्या गळाची आठवणही झाली नव्हती.

नागपूरला परतल्यावर पहिल्याच रविवारी तलावावर गेलो. दुपारी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

"आज काही लागलंच नाही," मी म्हणालो.

"मंग हाताले वास कायचा येऊन राहिला?"

"होती एक रोहू. गेली."

बायकोनं माझ्या वरण-भातावर तूप वाढलं, आणि पुन्हा एकदा वाढलं.