सतरा इंचाला केसभर कमी

रविवारची दुपार. शैलजा नव्या घराच्या रिकाम्या खोलीत चटई टाकून पडली आहे. तासगावच्या हायस्कुलात ती गणित शिकवते. बाकी घरभर फरशी बसली, हीच एक खोली राहिली. कारण बसवणारे तिचे वडील आप्पा, म्हणजे यशवंत मिस्त्री, चार महिन्यांपूर्वी गेले. उद्या दुसरा मिस्त्री येणार आहे. तिचे डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. फॅनचा आवाज लांब लांब जातो आणि त्या जागी रबरी हातोडीचा ठोका ऐकू येऊ लागतो. टप. टप.

कोपऱ्यात आप्पा उकिडवे बसले आहेत. ते गेलेत हे तिला ठाऊक आहे, आणि त्यात अडण्यासारखं काही वाटत नाही.

"ऊठ गं. तुझ्याखालची जागा राहिलीया."

ती उठते. आप्पा एक फूट बाय एक फुटाची फरशी तिच्यापुढे ठेवतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी टेप धरतात.

"सांग, किती?"

हाच प्रश्न त्यांनी अकरा वर्षांपूर्वी विचारला होता. ती एमएस्सीला होती, परीक्षा तोंडावर होती. ते कौतुकानं म्हणाले होते, सतरा इंच, बरोबर का? ती म्हणाली होती, बरोबर नाही, ते माप कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. का बसत नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, "तुम्हाला नाही कळायचं, आप्पा." त्यांनी टेप गुंडाळली होती. त्यानंतर घर, आजारपण, सगळं तिला विचारून केलं. आकड्यांचं मात्र कधी काही विचारलं नाही.

"सतराला केसभर कमी," ती म्हणते.

"केसभर म्हंजे किती? इंचाचं शंभर भाग पाड. हजार पाड. कुठंतरी बसंलच की."

"नाही बसत."

"का न्हाई?"

या वेळी ती त्यांच्यासमोर ओल्या सिमेंटात गुडघे टेकून बसते.

"तुमच्या टेपवर जे जे आहे ना, पाव, पाऊण, सव्वा, अडीच, ते सगळं पुऱ्या संख्येला पुऱ्या संख्येनं भागून मिळतं. फुटाचे बारा भाग केले, त्यातले पाच घेतले. नुसता पाचसुद्धा त्यातलाच; पाच भागिले एक. या परिमेय संख्या. हे तिरपं माप त्यात नाही. अपरिमेय आहे."

"तीन-चारला तिरपं तर बरोबर पाच येतंय. भिंतीचा काटकोन, गुण्या, आम्ही त्याच्यावरच काढतो."

"तिथं येतं. इथं नाही. चला, दाखवते."

खोलीला आता भिंती नाहीत. ते एसटी स्टँडच्या फलाटावर आहेत. गाड्या इंजिन बंद करून उभ्या आहेत आणि खिडक्यांतून माणसं शांतपणे खाली बघत आहेत. फलाट सतरा फरश्या लांब, सतरा रुंद.

"कोनाकोनी रेघेवर चौरस उभारला तर तो फरशीच्या दुप्पट भरतो, हे तुम्हीच मला चार फरश्या मांडून दाखवलं होतं. मग बाराला तिरपं सतरा बरोबर असेल, तर बारा-बाराच्या दोन खोल्यांच्या फरश्या सतरा-सतराच्या चौकात पुऱ्या बसल्या पाहिजेत."

"एक कमी पडती," आप्पा लगेच म्हणतात. "विटा गावच्या कामात पडली. मालकाला वाटलं, मी फोडली."

ती हसते. दोघं मिळून फरश्या मांडतात. एका कोपऱ्यातून बारा-बाराचा चौरस, समोरच्या कोपऱ्यातून दुसरा. मधे दोन्ही एकमेकांवर चढतात; तिथे सात-सातचा दुहेरी थर होतो. उरलेल्या दोन कोपऱ्यांत पाच-पाचच्या मोकळ्या जागा राहतात.

"वरच्या थरातल्या एकोणपन्नास उचला. भरायच्या पन्नास. म्हणजे वरची एका फरशीची चूक खालीही एकाचीच. आता हाच खेळ सातच्या चौकात, पाच-पाचचे दोन चौरस घेऊन."

पुन्हा मांडतात. मधे तीन-तीनचा थर, कोपऱ्यात दोन-दोन. आता कमी नाही, एक जास्त. पुन्हा मांडतात. फलाट आता पाटाएवढा झाला आहे. शेवटी मधे एकच फरशी उरते आणि मोकळ्या जागा दोन.

आप्पा ती फरशी एकदा या मोकळ्या जागेवर, एकदा त्या जागेवर ठेवून बघतात.

"ही दोन ठिकाणी कशी बसणार?"

"नाही बसणार. आणि सतराऐवजी कितीही मोठा आकडा घ्या. वर बरोब्बर बसलं असतं तर खालच्या लहान चौकातही बरोब्बर बसलं असतं, त्याच्या खालच्यातही. असं खाली खाली जाता फरश्याच संपतात, आप्पा. अख्ख्या फरशीहून लहान चौक आणायचा कुठून?"

"म्हंजे माझी टेप खोटी न्हवती."

"टेप खरीच होती. त्या मापाचा आकडाच टेपवर नसतो. कुठल्याच टेपवर."

आप्पांचा चेहरा सैल होतो. जुना गुंता सुटल्यासारखे ते मान हलवत राहतात. "कळलं की," ते म्हणतात. "पार तळापातुर कळलं."

"आप्पा, तेव्हा मी तुम्हाला म्हणाले होते..."

"तवा तुला बी कळलं नव्हतं." ते मिस्कील हसतात. "न्हाईतर सांगितलं असतंस."

ते खरं आहे. तेव्हा तिला सिद्धता पाठ होती, एवढंच. तिला मोठ्यानं हसू येतं, त्या हसण्यानंच तिला जाग येते.

चार वाजलेत. फॅन डोक्यावर फिरतो आहे, खोलीत खाली नुसता मुरूम. शैलजा उठून बसते आणि सलवारीकडे बघते. दोन्ही गुडघ्यांवर सिमेंटचे राखाडी गोल उमटले आहेत. सिमेंटचं पोतं उद्या यायचं आहे. ती एका गोलावर बोट ठेवते.

ओलं आहे.