नेऱ्याच्या रस्त्यावरचा पाठलाग

करंजाच्या कोळीवाड्यातला कुंदन होडीवर न जाता पोलिसात चालक झाला, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. पनवेल भागात गस्तीची गाडी चालवताना त्याने कधी कुणाला साधा ओरखडाही काढला नव्हता.

त्या दुपारी कोनजवळच्या नाकाबंदीत हवालदार चंद्रावतीने एका पांढऱ्या पिकअपला हात दाखवला. पिकअप बॅरिकेड उडवत तिच्यावरच आली आणि तिला वीसेक फूट फरफटत घेऊन गेली. चंद्रावतीचा डावा पाय गुडघ्याखाली उलटा वळला होता. तिची किंकाळी कानात घेऊनच कुंदनने गाडी काढली. शेजारी फौजदार प्रणित होते.

नेऱ्याच्या रस्त्याला लागताच पिकअपने एका दुचाकीवाल्याला उडवलं. तो शेतात जाऊन पडला.

"साहेब, पिस्तूल काढा. टायर फोडा त्याचा."

"चालत्या गाडीतून गोळी नाही मारायची. पुढे वस्ती आहे. तू अंतर ठेव, मी पुढचा रस्ता अडवायला सांगितलंय."

"तवर आजून कुणालातरी चिरडील तो."

"कुंदन, अंतर ठेव."

कुंदनने वेग वाढवून गाडी मागून पिकअपवर घातली. पहिल्या धडकेने पिकअप हेलकावली, दुसरीने आडवी होऊन मोरीच्या कठड्यावर आदळली आणि कलंडली. फुटलेल्या काचेतून चालक गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. कपाळ फाटलेलं, एक डोळा रक्ताने भरलेला. त्याने दोन्ही हात वर केले.

"मारू नका, साहेब."

कुंदनची काठी त्या वर केलेल्या मनगटावरच बसली. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला, तरी तो थांबला नाही. खांदा, पाठ, बरगड्या. माणूस अंगाची जुडी करून पडला, तेव्हा त्याने बुटाने तोंडावर मारलं. फौजदारांनी मागून मिठी घातली, तर कुंदनच्या कोपराने त्यांचंही नाक फुटलं. शेवटी दोन गावकऱ्यांनी त्याला ओढून बाजूला केलं.

दुचाकीवाला वाचला. पिकअपवाल्याच्या चार बरगड्या मोडल्या, उजवा हात कायमचा अधू झाला. ठाण्यातले म्हणाले, "त्याने हल्ला केला असं लिही. फौजदारांना आम्ही समजावतो."

कुंदन आधी इस्पितळात गेला. चंद्रावतीचा पाय कापावा लागला होता.

"ताय, तुज्यासाठीच मारला त्याला."

"माज्या नावावर नको घालूस. तो हात वर करून बसला व्हता, फौजदारांनी सांगितलं मला. त्यानंतर मारलंस, ते तुजं."

कुंदनने जबाबात घडलं तसं लिहून दिलं: हुकूम मोडला, हात वर केल्यावर मारलं. तो निलंबित झाला, गुन्हाही दाखल झाला.

खटल्याच्या पहिल्या तारखेला कोर्टाच्या जिन्यात तो पिकअपवाला समोर आला. कुंदनला पाहताच त्याने डावा हात डोक्यावर घेतला आणि भिंतीशी खाली बसला. कुंदन दोन पायऱ्या मागे सरला आणि तो उठून जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.