शंभर बुरूज आणि कापलेल्या सहा ओळी

"ताई, मशीन उठंनाच गेली," राठोड गुरुजी फोनवर सांगत होते. "लेकरं तुमचा खेळ खेळून राहिली होती. लाइट गेली. परत आली तर नुसता काळा पडदा."

"माझा खेळ? कोणता माझा खेळ?"

"तोच की, शंभर बुरूज. तुमीच लिवलं ना पेपरात, लेकरांना जरूर द्या म्हून."

लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. पण त्याच लेखाच्या शेवटी सहा ओळी अशाही लिहिल्या होत्या, की ज्यांच्याकडे लाइट गेल्यावर मशीन चालू ठेवणारा यूपीएस नाही त्यांनी हा खेळ मशीनवर चढवूच नये.

"गुरुजी, खालच्या सहा ओळी वाचल्या नाहीत का तुम्ही?" माझा आवाज चढला.

"कोन्त्या ओळी? कात्रण हातातच हाय माझ्या. खाली तर ट्रॅक्टरची जाहिरात हाय, ताई."

मी फोन ठेवला आणि कात्रणांची वही काढली. त्या काळी कळमनुरीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. सकाळी टायपिंग, दुपारी टॅली आणि आठवड्यातून एक दिवस नांदेडच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी नव्या गेमचं परीक्षण. सीडी नांदेडहून एसटीच्या पार्सलनं यायची. मी ती खेळायची, लिहायची आणि फॅक्स करायची. लेख छापून आला की कापून वहीत चिकटवायची. हा लेखही मीच माझ्या हातानं चिकटवला होता. वर माझं नाव, मधे किल्ल्याचं चित्र, बाजूला तीन तारे. आणि खाली, सहा ओळींच्या जागी, लाल ट्रॅक्टर. चिकटवताना मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. आपलंच लिहिलेलं परत काय वाचायचं, असा माज.

तळपायाची आग मस्तकात गेली. आधी पेपरवर, मग स्वतःवर.

आता त्या सहा ओळी काय होत्या ते सांगते. गेम तपासायची माझी पद्धत होती. शर्यतीचा गेम असेल तर वळणावर गाडी हातात राहते का ते बघायचं. गोळीबाराचा असेल तर शत्रूला थोडी तरी अक्कल आहे का, की नुसता भिंतीला टेकून मरायला उभा आहे. क्रिकेटचा असेल तर प्रत्येक चेंडूवर षटकार बसतो का. बसला की तारा कमी. बाईमाणूस दिवसभर गोळ्या झाडत बसते म्हणून गल्लीत चेष्टा चालायची. सासूबाई जेवायला वाढताना विचारायच्या, "आज किती मुडदे पाडले?"

पण कुठलाही गेम असो, एक परीक्षा सगळ्यांना सारखी. खेळ रंगात आला की मी उठायची आणि भिंतीवरचा मेन स्विच खाडकन खाली पाडायची. पुण्या-मुंबईच्या परीक्षकांना हे सुचलं नसतं, कारण त्यांची लाइट जात नव्हती. आमच्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक क्लासच्या दारावर लावलेलं असायचं आणि लाइट त्या वेळापत्रकालाही जुमानत नव्हती. मग गेम कितीही देखणा असो, लाइट गेल्यावर तो काय करतो हे मला कळायलाच पाहिजे. बहुतेक गेम फार तर एखादी पातळी गमावायचे. पोरं चार शिव्या द्यायची आणि परत सुरू करायची.

शंभर बुरूज हा स्ट्रॅटेजी गेम होता. म्हणजे हाणामारी कमी, डोकं जास्त. धान्य साठवा, माणसं जमवा, एकेक बुरूज बांधत किल्ला उभा करा. आणि सगळा मराठीत! पडद्यावर मराठी, आवाज मराठी. खरं सांगते, खेळताना माझा ऊर भरून आला होता. मग मी स्विच पाडला. परत लावला, तर मशीन सुरूच होईना. दुरुस्त केलं, परत पाडला. दहा वेळा पाडला. चार वेळा मशीन आडवं झालं.

कारण साधं होतं. बुरूज वाया जाऊ नयेत म्हणून तो गेम दर काही सेकंदांनी आपोआप हार्ड डिस्कवर लिहीत बसायचा. हार्ड डिस्क म्हणजे मशीनचं कोठार. त्यात कोणता मजकूर कुठे ठेवलाय याची एक यादी असते, तलाठ्याच्या दप्तरासारखी. तलाठी सातबारा लिहीत असताना कुणी दप्तर हिसकावलं तर? जमीन जागेवरच राहते, पण कुणाची कुठली ते सांगता येत नाही. इथे तसंच व्हायचं. आणि नुसत्या गेमचं नाही, मशीनवर जे जे असेल त्या सगळ्याचं.

मी गेम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला होता. तिथला इंजिनीअर गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, यूपीएस नाहीये का तुमच्याकडे?"

"माझ्याकडे आहे हो. पण तुम्ही ही सीडी शाळांना विकताय. तांड्यावरच्या शाळेत यूपीएस कुठून येणार?"

"पुढच्या व्हर्जनमध्ये बघू."

बघू म्हणे! त्या बघूवर चिडूनच मी सहा ओळी लिहिल्या होत्या. लेखाच्या शेवटी, ठसक्यात. वाचकाच्या मनात शेवटचं राहतं असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आखाडा बाळापूर आणि तिथून गुरुजींच्या मागे मोटारसायकलवर बसून तांडा. परसराम राठोड गुरुजी त्याच तांड्यात वाढलेले आणि तिथल्याच शाळेत शिकवणारे. तोंडातून कधी वाकडा शब्द नाही. शाळेत एकच कॉम्प्युटर, कुणीतरी देणगी दिलेला. त्यावर गुरुजींनी दोन वर्षं खपून एक गोष्ट केली होती. तांड्यातलं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. पहिलीच्या पुस्तकात आई असते आणि भाकरी असते. त्याच्या घरी याडी असते आणि बाटी असते. मग ते वर्गात मुकं बसतं आणि मास्तर म्हणतो, ढ आहे. म्हणून गुरुजींनी शब्दांचं पुस्तक करायला घेतलं होतं. एका बाजूला गोरमाटी, दुसऱ्या बाजूला मराठी. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना मशीनशेजारी बसवायचे, विचारायचे आणि थेट टाइप करायचे. आपला शब्द पडद्यावर उमटलेला बघून त्या खुदकन हसायच्या. हिंगोलीच्या एका साहेबांनी कबूल केलं होतं, दिवाळीच्या आत मजकूर द्या, पहिलीच्या लेकरांसाठी छापून देतो.

"दुसरी प्रत?" मी विचारलं.

गुरुजींनी एक फ्लॉपी पुढे केली. तिला बुरशी धरली होती.

"काहून झालं असंन ताई हे?" ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे विचारत होते आणि मला जास्तच लागत होतं. मी सगळं सांगितलं. सहा ओळींचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली, वायरी सोडवल्या आणि मशीन पोत्यात गुंडाळून दिलं.

निघताना म्हणाले, "बाकीचं जाऊ द्या. ते म्या परत विचारीन, तकलीफ न्हाई. भिमलाबाईचं तेवढं काढा. ती पावसाळ्यात वारली."

भिमलाबाई तांड्यातली सगळ्यात म्हातारी. लदेणीच्या काळातले, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून तांडे मुलूखभर फिरायचे तेव्हाचे शब्द तिला आजीकडून मिळाले होते. गोणीचे, दोरांचे, मुक्कामाचे. ते दुसऱ्या कुणालाच येत नव्हते. तिनं सांगितलेले शब्द दुसरीकडे कुठेच लिहिलेले नव्हते.

क्लासवर आल्यावर डिस्क माझ्या मशीनला जोडली आणि स्कॅनडिस्क लावलं. हा प्रोग्राम बेवारस तुकडे गोळा करतो आणि त्यांना नुसते नंबर देतो. शेकडो तुकडे निघाले. एकेक उघडायचा. त्या वेळी मराठी टाइप केलेलं उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. फाँट बदलला तरच कळायचं की आत शब्द आहेत का नुसता केर. दोन दिवस हेच केलं. काही पानं लागली. पुढची लागेनात. तिसऱ्या दिवशी मी स्कॅनडिस्क परत लावून दिलं, क्लासला कुलूप लावलं आणि नांदेडची गाडी धरली.

पुरवणीचे संपादक मोहरीर साहेब चहा पीत होते.

"साहेब, माझ्या सहा ओळी कुठे गेल्या?"

"बसा मॅडम. चहा घ्या."

"चहा नको. गेमवाल्यांनी फोन केला होता ना तुम्हाला? खरं बोला."

ते हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, कुणाचा फोन नि काय. ट्रॅक्टरची जाहिरात ऐनवेळी मोठी झाली. सलीमभाई, सांगा यांना."

सलीमभाई म्हणजे कॉम्प्युटरवर पेपरचं पान लावणारे ऑपरेटर. ते खुर्चीतूनच वळले. "मॅडम, जगह कम पडी तो नीचेसे काटते ना. सबकाच काटते. मेरेको क्या मालूम नीचे क्या लिखा है."

"वाचायचं नाही का कापताना?"

"सहा ओळी वाचत बसलो तर पान छपाईला कधी सोडायचं?" मोहरीर म्हणाले. "आणि तुम्ही इतकी वर्षं लिहिताय. शेवटचं कापतात हे माहीत नाही? एवढं महत्त्वाचं होतं तर शेवटी कशाला टाकलंत?"

लबाडी असती तर मी तिथेच त्यांची टेबलं उलटी केली असती. लबाडी नव्हती. कुणाचा हेतू वाईट नव्हता, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप आला. एका माणसाची दोन वर्षं गेली होती आणि जबाबदार कुणीच नव्हतं.

"खुलासा छापा," मी म्हणाले. "त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात. अजून किती शाळांत तो गेम चढलाय कुणास ठाऊक."

"खुलासा छापला की पेपर चुकला असा अर्थ होतो. बघू पुढं."

इथेही बघू! मी उठले. दारातून वळून सलीमभाईंना विचारलं, "नेहमी खालूनच कापता ना? वरून कधी नाही?"

"उप्परसे कैसे काटेंगे, मॅडम?" ते म्हणाले. "उप्परसेच तो शुरू होता है."

त्या आठवड्याचा गेम मोटार शर्यतीचा होता. मी लेख लिहिला. पहिली ओळ अशी: 'शंभर बुरूज हा खेळ यूपीएस नसलेल्या मशीनवर चढवला असेल तर आजच काढून टाका.' पुढच्या पाच ओळींत कारण आणि एका शाळेचं काय झालं ते. मग शर्यत, गाड्या, वळणं, आवाज. लेख मुद्दाम लांबलचक केला आणि पान सुटायच्या जेमतेम आधी फॅक्स केला. मोहरीर साहेबांना वाचायला सवड नव्हती. सलीमभाईंनी बराबर खालून कापला. रविवारी छापून आलं तेव्हा तो शर्यतीचा गेम घ्यावा की नाही ते कुणालाच कळलं नाही, पण माझ्या सहा ओळी सगळ्यात वर होत्या.

सोमवारी कळमनुरीतल्याच एका शाळेतून फोन आला, वसमतहून एक आला, दोघांनीही गेम काढला होता. मंगळवारी मोहरीर साहेबांचा आला. कंपनी त्यांच्यावर भडकली होती, ते माझ्यावर. "पुढच्या रविवारपासून लेख पाठवू नका," म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं नव्हतं. ते काम मला फार आवडायचं.

दिवाळीच्या चार दिवस आधी मशीन पोत्यात गुंडाळून तांड्यावर परत नेलं. गुरुजींनी जोडलं, सुरू केलं, फाइल उघडली. याडी, बाटी, घरातलं, शेतातलं, अंगावरचं. निम्म्याच्या थोडं वर निघालं होतं. ते एकेक पान खाली सरकवत होते, मधेच स्वतःशी हसत होते. शेवटचं पान आलं. ते परत वर गेले. परत खाली आले.

"गुरुजी, पुढचं नाही निघालं," मी म्हणाले. "फाइल सुरुवातीपासून लागत गेली. शेपूट तुटलं. फार प्रयत्न केला हो."

त्यांनी फाइल बंद केली.

"म्हंजी शेवटचं गेलं," ते म्हणाले. "भिमलाबाईचं म्या शेवटीच ठुलं व्हतं, ताई. महत्त्वाचं हाय म्हून."

पुस्तक छापून झालं, बारीकसं. त्यात लदेणीचा एकही शब्द नाही. मी अजूनही शिकवते, रिपोर्ट लिहिते, अर्ज लिहून देते. जे सांगायचंच असतं ते पहिल्या ओळीत लिहिते.