भाताचं पोतं आणि चौदा चुका

लेक कॉलेजातून आली, मोजे भिरकावले आणि लॅपटॉपवर जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचा अभ्यास घेऊन बसली. त्या मोज्यांच्या वासासरशी मी थेट नेरळच्या कॉम्प्युटर क्लासात पोचले. तिथे चपला-बूट बाहेर काढायला लावत आणि एसीच्या बंद खोलीत वीस जणांचे मोजे दरवळत.

जवळच्या पोशीर गावची नवी सून मी, स्वतःला फार हुशार समजायची. विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारा पुस्तकातला जावाचा प्रोग्राम आरतीसारखा पाठ केला होता. परीक्षेत सर म्हणाले, "विद्यार्थी नको, गावातलं काहीतरी घ्या. नाही जमलं, तर उद्यापासून टायपिंगच्या बॅचला बसा."

एसीत घाम फुटला. मला सॉफ्टवेअर बनवायचं होतं, दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची नव्हती. मग गावची भातगिरणी आठवली. जावात प्रत्येक वस्तू तिच्या माहितीसकट आणि कामासकट लिहायची. मी भाताचं पोतं लिहिलं: त्याची जात, त्याचं वजन आणि त्याचं काम, कांडणं.

सर हसले. "बाई, पोतं स्वतःच स्वतःला कांडतं होय?"

शेजारची शबाना कुजबुजली, "ऊठ गं, पुढच्या टायमाला बघू."

"नाय उठत."

गिरणी वेगळी लिहिली आणि पोतं तिच्या हवाली केलं. चौदा चुका निघाल्या. पुढची बॅच दार वाजवत होती. चौदावी काढली, पडद्यावर तांदळाचं वजन उमटलं, तेव्हाच खुर्ची सोडली.

"टायपिंग राहू द्या," सर म्हणाले.

आता हसू येतं. तो प्रोग्राम जेमतेम एक पोतं कांडायचा. घरी मात्र सासूबाईंना अशा थाटात सांगितलं, जणू अख्ख्या कर्जत तालुक्याचं भात मीच कांडून आले.