बुडालेल्या गावाचं नाव

अगरबत्तीचा वास आला की मला आमच्या विहारातलं वर्षावासाचं वाचन आठवतं. पावसाळाभर रोज संध्याकाळी मी मोठ्याने वाचायचो आणि सगळी आळी चिखलाचे पाय धुऊन ऐकायला बसायची. एका वर्षी नेहमीचा ग्रंथ लवकर संपला, म्हणून मी शहापूरच्या वाचनालयातून आपल्या भागाच्या इतिहासाचं पुस्तक आणलं. त्यात जवळच्या धरणाबद्दल एकच ओळ होती, ‘पाणी अडवल्यावर काही गावे बुडाली.’ ओढ्यापलीकडची एक म्हातारी रोज दारातच बसून ऐकायची. तिच्या वस्तीला आम्ही उपरे म्हणायचो. त्यांनी आमचं गुरचरण बळकावलं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यांच्याशी भांडायला नेहमी पुढे असणारी माझी आत्या ती ओळ ऐकून म्हातारीकडे वळली. “तुमचं गाव त्यातच गेलं का गो?” म्हातारीने मान डोलावली. “नाव काय व्हतं?” “मोहवाडी.” इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आत्याने तिला आपल्या चटईवर ओढून बसवलं आणि मला म्हणाली, “परत वाच रे, नाव घेऊन वाच.” मी वाचलं, ‘मोहवाडी बुडाली.’ एरवी वाचन संपलं की सगळे ‘साधू, साधू’ म्हणतात. त्या दिवशी सगळ्यांनी ‘मोहवाडी’ म्हटलं. आजही इतिहास वाचताना ‘काही गावे’, ‘काही माणसे’ असं आलं की माझं बोट त्या ओळीवरून पुढे सरकत नाही.