शिमग्यातली नावनोंदणी

पूनम तेरा वर्षं संस्थेत होती. म्हसळ्याला अकरावी-बारावीच्या मुलींसाठी संस्थेचं वसतिगृह, आणि त्यासाठी मुली मिळवायला गावोगाव पायपीट करणारी ही कार्यकर्ती. तिची स्वतःची शाळा बापाने, दादूने, दहावीनंतर सोडवली होती. पुढे लग्नानंतर तिने हट्टाने बाहेरून बारावी आणि बी.ए. केलं. वसतिगृहाच्या प्रमुख कुमुदताई निवृत्त व्हायला निघाल्या आणि त्यांनी अलिबागच्या बैठकीत चक्क पूनमचं नाव पुढे केलं.

विश्वस्तांनी विचारलं, "वसतिगृह दरवर्षी अर्धं रिकामं राहतं. तुम्ही वेगळं काय करणार?"

"जूनमध्ये गावात जाणं बंद करणार," पूनम म्हणाली. "मुलींचं सगळं शिमग्यात ठरतं. पालखीला मुंबईची माणसं येतात, गावकीची सभा बसते. कुणाचं लग्न उरकायचं, कुणाला काकाकडे पोरं सांभाळायला धाडायचं, ते तेव्हाच पक्कं होतं. आपण जूनमध्ये फॉर्म घेऊन जातो. वरातीमागून घोडं!"

विश्वस्त हसले, पण त्यांनी अट घातली. शिमगा संपेपर्यंत वीस मुलींची नावं आली तर प्रमुखपद पूनमचं, नाहीतर पेपरात जाहिरात.

आता बाईला कुठली झोप लागते? पंधरा दिवसांत तिने अकरा गावं पालथी घातली. कुठे हाकललं, कुठे चहा दिला. नावं झाली सतरा. राहिलं तिचं माहेर, आणि तिथेच तिचा धीर सुटत होता. माहेरच्या माणसांना तिने शेंबडी पूनम म्हणूनच पाहिलेलं.

सहाणेच्या चौथऱ्यावर ग्रामदेवतेची पालखी बसली होती. पुढे गावकी, मुंबईकर एका बाजूला, बाया नेहमीसारख्या कडेला. गावकीत बाईने बोलायचा रिवाज नाही. विषय संपत आले तशी पूनम उठली आणि सरळ मधे जाऊन उभी राहिली. गंमत म्हणजे तिला मजा येत होती.

"पोरी दहावी झाल्या की तुमी हितंच त्यांचं नशीब ठरवता," ती म्हणाली. "मग माजं बी हितंच ऐका."

ती वसतिगृहाबद्दल बोलली, जेवणाबद्दल, कुलूपकिल्लीबद्दल, एस.टी.च्या वेळांबद्दल. गावकीचे अध्यक्ष येसाजी मान खाली घालून ऐकत होते.

"सगलं खरं गो," ते शेवटी म्हणाले. "पन पयली पोर कोन देनार?"

जो तो शेजाऱ्याकडे पाहायला लागला. मुंबईकरांत पूनमचा भाऊ रितेश बसला होता. त्याची मुलगी शिवानी गावीच दादूकडे वाढलेली, यंदा दहावीला. तिला मुंबईला मावशीकडे पोरं सांभाळायला धाडायचं, असं घरात ठरून गेलेलं. रितेश मोबाइलकडे बघू लागला. पूनमला वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात मागून दादू उठला. गुडघे धरत धरत पुढे आला. पोरीकडे त्याला धड बघवेना.

"मॅडम," तो म्हणाला. "पयलं नाव माज्या नातीचं लिवा. शिवानी. एकदा चुकलो, आता न्हाय चुकनार."

रितेशने मोबाइल खिशात टाकला आणि मुकाट्याने सही करायला पुढे आला. पूनमने फॉर्म काढला, पण डोळ्यांतल्या पाण्याने तिला रकानेच दिसेनात. कडेला बसलेल्या बाया आता उठून पुढे सरकत होत्या.

"लिव गो बाय लवकर," येसाजी म्हणाले, "मागं रांग लागलीय."