बंद माईक

विद्यापीठातल्या आमच्या संगणकशास्त्राच्या सेमिनारमध्ये ते काका माईक फिरवायचे. कुणी हात वर केला की चपला न वाजवता यायचे, माईक रुमालाने पुसायचे आणि मगच पुढे करायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

प्रत्येक सेमिनारचा रिपोर्ट लिहावा लागतो, आणि त्यात आपण वक्त्याला विचारलेला एक प्रश्न हवाच. इतक्या लोकांसमोर बोलायला मला जमत नाही. म्हणून चार रिपोर्टांत मी कधीच न विचारलेले प्रश्न लिहून दिले.

रिपोर्टांचा गठ्ठा सरांच्या केबिनमध्ये काकाच नेत. गेल्या आठवड्यात तो चाळता चाळता ते म्हणाले, "दीदी, तुमचे चार प्रश्न झाले. माईक तर मी एकदाबी तुमच्यापाशी आणला नाही."

मी बॅग उचलून निघाले. तेलीबांध्याला घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच विचार होता. सरांना कळलं तर चारही रिपोर्ट रद्द होणार होते.

आज प्रश्नांची वेळ झाली आणि मी हात वर केला नसतानाही काका थेट माझ्याकडे आले. आता सगळ्यांसमोर सांगणार, असं वाटून मी वही मिटली. त्यांनी माईक पुसून माझ्या हातात दिला आणि वाकून हळूच म्हणाले, "बंद आहे. पहिले मलेच विचारा."

मी प्रश्न पुटपुटले. त्यांना त्यातलं काय समजलं, कोण जाणे.

"हव," म्हणत त्यांनी मान डोलावली आणि बटण दाबलं. माझा श्वास साऱ्या हॉलला ऐकू गेला.